नाकाच्या गावात अत्तर कसे लावावे

ज्या गावाचं नावच नाकावरून पडलं, तिथे अत्तर लावून बाहेर पडणं हे धाडसाचं काम आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते पंचवटीत, म्हणून हे नासिक, असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. दुसरी एक व्युत्पत्ती आहे. गाव नऊ टेकांवर वसलं म्हणून नवशिख, आणि त्याचं पुढे नाशिक. मला ही दुसरी जास्त पटते, कारण अत्तराच्या बाबतीत आपण सगळे नवशिकेच आहोत. हे मार्गदर्शन त्या नवशिक्यांसाठी. ज्यांना सगळं येतं असं वाटतं त्यांना याची खरी गरज आहे, पण ते हे वाचणार नाहीत आणि लिफ्टमध्ये आपल्याला भेटत राहतील.

सुरुवात बाटलीपासून करू नये, शब्दांपासून करावी. मराठीत नुसता 'वास येतोय' म्हटलं की तो वाईटच असतो. हे वाक्य कानावर पडताच सुसंस्कृत माणूस आधी आपल्या चपलेचा तळ बघतो. चांगला असेल तर 'सु' लावून सुवास म्हणावं लागतं. त्यापुढे पायऱ्या आहेत. दरवळ म्हणजे कुठून येतोय ते शोधावं लागतं. घमघमाट शोधावा लागत नाही. भपका माणसाच्या आधी येऊन खुर्चीवर बसतो, आणि दर्प माणूस गेल्यावरही उठत नाही. आपल्याला दरवळ साधायचा आहे. घमघमाट लग्नापुरता माफ.

गंमत म्हणजे कनौजला, जिथे पिढ्यान् पिढ्या अत्तर गाळतात, तिथे भपका हे एका भांड्याचं नाव आहे. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकण चिकणमातीने लिंपून बंद, खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून उतरून शेजारी गार पाण्यात बसवलेल्या भांड्यात जाते. त्यात चंदनाचं तेल असतं, ते फुलाचा सुगंध पिऊन घेतं. हे भांडं म्हणजे भपका. तिकडचा भपका सगळा सुगंध पोटात ठेवतो. आपल्याकडचा भपका तो कॉलेज रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाटत जातो.

आता आपलं प्रमाण चुकतंय का, हे कसं ओळखायचं? स्वतःच्या नाकाला विचारू नये, ते फितूर साक्षीदार आहे. कुठलाही वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणं सोडतं. दिवसभर चिवड्याच्या दुकानात बसणाऱ्याला चिवड्याचा वास येत नाही, तसंच हे. तुम्हाला वाटतं उडालं, म्हणून तुम्ही आणखी दोन फवारे मारता. शेजारच्याला पहिलेच चार अजून पचलेले नसतात. तेव्हा लोक काय म्हणतात ते ऐकावं. 'काय, आज लग्नाबिग्नाला वाटतं?' हे कौतुक नव्हे. 'कोणतं आहे हो हे?' हे कौतुक आहे, पण विचारणारा हातभर अंतरावर उभा असेल तरच. जिन्याच्या खालून ओरडून विचारलं असेल तर घरी परत जावं.

हातभर हे माप लक्षात ठेवा. पुढे बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

खरेदीकडे वळू. मी ज्या दुकानात जातो ते भद्रकालीच्या बाजूला एका गल्लीत आहे. दोन गिऱ्हाइकं आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. भिंतीवर काचेच्या बुचांच्या बाटल्या, काउंटरवर कापसाचा बोळा आणि एका वाटीत काड्या. दुकानदार चाचा गिऱ्हाइकाला आधी ऋतू विचारल्यासारखं बाहेर बघतात आणि मग बाटली काढतात. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब, केवडा. थंडीत हिना आणि शमामा. पहिल्या पावसाच्या सुमारास मिट्टी, म्हणजे भाजलेल्या मातीपासून गाळलेलं अत्तर. मे महिन्यात कुणी हिना मागितला तर चाचा देतात, पण देताना 'रात्री लावा' असं म्हणतात. दुसऱ्याच्या डोकेदुखीची इतकी काळजी घेणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

एका वेळी तीनपेक्षा जास्त अत्तरं हुंगू नयेत. चौथ्याला नाकाची अवस्था साड्यांच्या दुकानात बसलेल्या नवऱ्यासारखी होते, सगळं छानच दिसतं. मोठ्या दुकानांतून मध्ये मध्ये हुंगायला कॉफीच्या बियांची वाटी ठेवतात. तिचा रुबाब मोठा आहे, उपयोग बेताचा. त्यापेक्षा दुकानाबाहेर येऊन मोकळी हवा घ्यावी, किंवा आपल्याच सदऱ्याची बाही हुंगावी. बाहेर गटार उघडं असेल तर बाही बरी.

आणि पहिल्या हुंगण्यावर भाळू नका. पहिली पाच मिनिटं अत्तर हे बघायला आलेल्या स्थळासारखं असतं. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास आधी उडून जातात, मग फुलं बोलायला लागतात, आणि संध्याकाळी लाकूड, राळ, कस्तुरी अशी जड मंडळी उरतात. मनगटाच्या मागे एक थेंब लावून घरी जावं आणि रात्री जेवताना काय राहिलंय ते बघून ठरवावं. संसार त्याच्याशी करायचा असतो.

गुलाबाबद्दल जरा सावध. मोगलाईत या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, गुलाबांचं गाव. मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर ते पुन्हा नाशिक झालं. गुलाब मात्र राहिला. आज तो दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसमध्ये उभा आहे. लांब दांड्याचा, लालभडक, फुलदाणीत आठवडाभर टिकणारा. नाक लावलंत तर पाण्याचा वास येतो. टिकण्यासाठी आणि दिसण्यासाठी जाती निवडता निवडता सुगंध कुठेतरी गळून गेला. अत्तराचा गुलाब वेगळा, बुटका, काटेरी, पहाटे खुडायचा आणि ऊन चढायच्या आत डेगेत घालायचा. त्याचं एक किलो शुद्ध तेल काढायला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. हे गणित पाठ असू द्या. कुणी शंभर रुपयांत 'असली रूह गुलाब' देऊ लागलं तर घ्यायला हरकत नाही, पण ते गुलाबाच्या गल्लीतूनही गेलेलं नाही हे मनात ठेवा. चंदनाचं तेलही आता इतकं महाग आहे की बहुतेक स्वस्त अत्तरांच्या बुडाशी दुसरंच कुठलंतरी बिनवासाचं तेल असतं. चाचा हे विचारल्यावर सांगतात. न विचारता सांगत नाहीत, कारण त्यांनाही दुकान चालवायचं आहे.

आता लावणं. अत्तराची जुनी रीत फायाची आहे. कापसाची चिमूट घ्यायची, हरभऱ्याएवढी. ती बोटांच्या चिमटीत वळायची, वात वळतो तशी, पण टोक बोथट ठेवायचं. काडीच्या टोकाला गुंडाळून बाटलीत नुसती टेकवायची, बुडवायची नाही. कापूस रंग बदलायला लागला की बास. मग तो फाया काडीवरून सोडवून कानाच्या वरच्या घडीत, जिथे कान दुमडतो त्या खोबणीत, अलगद बसवायचा. दोन बोटांनी एकदा दाबायचा आणि तीच बोटं मिशीवरून किंवा पदराच्या काठावरून फिरवायची. संपलं. फाया बाहेरून दिसला तर तो मोठा झाला. कानाच्या भोकात घालू नये. हे सांगावं लागतं, कारण माझ्या एका चुलतभावाने घातला होता आणि लग्नात सगळे मंत्र त्याला एकाच कानाने ऐकावे लागले.

स्प्रेचं शास्त्र वेगळं. त्यात बहुतांश अल्कोहोल असतं, त्यामुळे तो उडतोही लवकर आणि पेटतोही लवकर. देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसच्या ओट्याशी उभं राहून फवारू नये. वीतभर अंतरावरून दोन फवारे. गळा आणि मनगट, किंवा गळा आणि छाती. मनगटं एकमेकांवर घासायची सवय सिनेमातून आली आहे, ती तिथेच सोडावी. लावलं की आपोआप वाळू द्यावं. मोत्यांचा तन्मणी किंवा नथ आधी घालून वर फवारलंत तर मोत्यांची झिलई जाते. म्हणून आधी सुगंध, मग दागिने. बर्गमॉट नावाच्या लिंबाचं तेल असलेलं अत्तर मानेला लावून उन्हात हिंडलं तर काहींच्या कातडीवर डाग उठतात, तेव्हा गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बुधवारच्या बाजाराला जाताना ते कपड्याच्या आत लावावं. आणि थंडीत नाशिकची हवा अशी कोरडी होते की अंग उलतं. उललेल्या अंगावर सुगंध थांबत नाही. आधी बोटभर व्हॅसलीन, त्यावर अत्तर. खोबरेल नको, कारण खोबरेल स्वतःच सांगत सुटतं की मी खोबरेल आहे.

आता प्रसंग. पहिला अर्थातच लग्नाचा, आणि इथे मला अनुभवाचे बोल सांगता येतील.

मी नऊ वर्षांचा असताना आत्याचं लग्न झालं. त्या काळी कार्यालयाच्या दारात दोन मुलं उभी करत. एकाच्या हातात गुलाबदाणी, दुसऱ्याच्या हातात अत्तरदाणी. गुलाबदाणीवाला पाहुण्यांच्या चष्म्यावर गुलाबपाणी शिंपडायचा. मी अत्तरदाणीवाला. आमची पितळेची होती, मधे मोराची दांडी आणि भोवती पाच वाट्या, पण अत्तर एकाच वाटीत, हिन्याचं. बाकीच्या वाट्यांत लवंगा. आजोबांनी सांगितलं होतं, पाहुणा हात पुढे करतो, त्याच्या तळहाताच्या मागच्या बाजूला सळईने एक रेघ ओढायची. एकच. अर्धा तास मी नियमाने रेघा ओढल्या. मग व्याही आले. त्यांच्या एका हातात नारळ, दुसऱ्यात काठी, हात पुढे येईना. नवऱ्या मुलाचे वडील, त्यांना वगळून कसं चालेल? मी विचार केला आणि त्यांच्या रेशमी उपरण्यावर ओढली. पहिली रेघ नीट दिसली नाही म्हणून दुसरी ओढली. हिना गडद असतो. पांढऱ्या उपरण्यावर हिरवट काळ्या दोन रेघा, एखाद्याचं उत्तर शाईने खोडल्यासारख्या.

व्याही काहीच बोलले नाहीत. आजोबा बोलले, पण नंतर, आणि फार वेळ. तो डाग कुठल्याही धोब्याकडे गेला नाही. त्याचं कारण आम्हाला पुढे कळलं. व्याह्यांनी तो काढायला दिलाच नव्हता. पुढची पंचवीस वर्षं आमच्या घरी प्रत्येक कार्याला येताना ते तेच उपरणं घालून येत, आणि बसताना डागाची बाजू वर करत.

तेव्हा रेशमावर, पांढऱ्यावर आणि व्याह्यांवर अत्तर लावू नये. लग्नात बाकी मोकळीक आहे, कारण तिथे मोगऱ्याचे गजरे, होमाचा धूर, मठ्ठ्यातली कोथिंबीर आणि तीनशे माणसं यांत तुमचं कुणाला कळणारही नाही. जुन्या दरबारांत अत्तर आणि विडे वाटले की बैठक संपल्याची ती खूण असे. काही लोकांच्या अत्तराने आजही बैठका संपतात, एवढी परंपरा टिकून आहे.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला मुलाने काहीही लावून जाऊ नये, स्वच्छ अंघोळ पुरते. लासलगाव जवळ असल्यामुळे पोह्यांत कांद्याला तोटा नसतो. फोडणीतला कांदा आणि बाटलीतलं 'ओशन ब्लू' यांचं जमत नाही. माझ्या माहितीत एका ठिकाणी मुलाने खोलीत पाऊल टाकलं आणि मुलीची आजी शिंकली. एकदा नव्हे, सात वेळा. पत्रिका जुळली होती, पगार जुळला होता. माशी शिंकली तरी निभावतं. आजी शिंकल्यावर कोण काय करणार?

सातपूर-अंबडला कारखान्यात पहिल्या शिफ्टला जात असाल तर हे प्रकरण सोडूनच द्या. कूलंट, ग्रीस आणि डिओ यांचं जे मिश्रण दुपारी दोनपर्यंत तयार होतं त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. एसी ऑफिसात बसणाऱ्यांनी एकच फवारा, तोही शर्टच्या आत. शेजारच्या टेबलावर अर्धशिशीचा रुग्ण असू शकतो. उग्र सुगंधाने अर्धशिशी उठते, आणि दम्याच्या माणसाला तर श्वास जड होतो. दवाखान्यात जाताना म्हणूनच काही लावू नये. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं आधीच त्रासलेली असतात.

देवळात जाताना थोडं चालतं, पण देवाला वाहायचं फूल आपण हुंगत नाही, मग देवापुढे आपणच घमघमत उभं राहायचं का, याचा ज्याने त्याने विचार करावा. रामकुंडावर दशक्रियेला जाणाऱ्याने मात्र विचारही करू नये. तिथे ओलं धोतर, काळे तीळ आणि भाताचे पिंड यांचा वास असतो आणि तो तसाच असू द्यावा. एकदा कावळा पिंडाला काही केल्या शिवेना. गेलेल्याच्या सगळ्या इच्छा आठवून झाल्या, शब्द देऊन झाले. शेवटी एक काकू मागे वळून पुतण्याकडे बघत म्हणाल्या, "तू जरा पलीकडे जाऊन उभा राहा बरं." तो गेला. कावळा आला. यावरून काही सिद्ध होत नाही, पण पुतण्या तेव्हापासून सुधारला आहे.

रविवारी मिसळ खायला जाताना लावणं हा पैशाचा अपव्यय आहे. तर्रीपुढे कुठलंही अत्तर अर्ध्या मिनिटात शरण येतं, आणि परतताना तुम्ही, तुमचा शर्ट आणि गाडीचं सीट, सगळं मिसळच असतं. रंगपंचमीला तर बाटली कपाटातच राहू द्या. वर्षभर रस्त्याखाली पुरून ठेवलेली पेशवेकाळची रहाड, म्हणजे रंगाचा हौद, त्या दिवशी उघडतात, फुलं उकळून केलेला रंग पाण्यात घालतात, आणि त्यात धप्पा मारून बाहेर आलेल्या माणसाला स्वतःचा असा काही वासच शिल्लक नसतो. अख्ख्या गल्लीला एकच.

वाईन चाखायला जाण्याचा प्रकार मात्र नवा आहे आणि तिथे आमचे भले भले चुकतात. १९९९ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सुला सुरू झाली आणि द्राक्षं नुसती खायची नसतात हे नाशिकला कळलं. पुण्या-मुंबईची मंडळी त्यासाठी नटून, भरपूर फवारून येतात. पेला हलवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात, आणि 'यात मला व्हॅनिला जाणवतो' असं म्हणतात. तो त्यांच्या गळ्याला लावलेला असतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा नाकाचा असतो. त्यामुळे चाखायला जाताना अंगाला साबणाचाही वास नसावा. शेजारच्यालाही त्याच्या पैशाची वाईन हुंगायची असते, तुम्हाला नव्हे.

राहता राहिली पंचवटी एक्सप्रेस. सकाळी नाशिकरोडला चढणाऱ्या पासधारक बंधू-भगिनींनो, एसी डब्याच्या काचा उघडत नाहीत. घरून निघताना लावलेलं कल्याणपर्यंत तुमच्याबरोबर आणि आमच्याबरोबर असतं. तेव्हा बाटली बॅगेतच ठेवा आणि दादरला उतरल्यावर फलाटावर काय फवारायचं ते फवारा. इगतपुरीला गरम वडे येतात. तोपर्यंत आम्हाला नाक शाबूत हवं आहे.